किल्लीवाल्याचे कसब

किल्ली हरवली की आमच्या पांढुर्णा-सौंसरकडे प्रथम दगड शोधला जातो. (गोटमारीच्या गावात तो लवकर सापडतोही!) कुलुपाबरोबर मग कोंडा जातो, चौकटही फाटते. कसबी किल्लीवाला मात्र कोरी किल्ली आत घालतो, किंचित पिळून वरखाली हलवितो. जी खिट्टी अडते, तिचा बारीक ठिपका पितळेवर उमटतो. तेथेच कानस फिरवायची. ठिपका उमटेनासा झाला की ती खिट्टी साधली. अखेर कुलूप न मोडता उघडते आणि नवी किल्लीही हाती राहते.

ही विद्या मुलांना शिकवावी काय? चोर निपजतील, अशी पालकांना धास्ती वाटते. वाद जुनाच आहे. १८५१ साली लंडनमध्ये अमेरिकन हॉब्सने ब्रामाचे अजिंक्य मानलेले कुलूप ५१ तास खपून उघडले, तेव्हाही असाच गहजब झाला होता. चोरांना हे आधीच ठाऊक असते, असे हॉब्सचे उत्तर होते. ते आम्हांस पटते. पुढे १८६१ साली येलने खिट्ट्यांच्या कुलुपाचे पेटंट घेतले. १८९७ साली अर्देशीर गोदरेजांनी मुंबईत कुलुपे घडविण्यास आरंभ केला.

विद्या अवश्य शिकवावी. मात्र परक्या दाराशी बसण्यापूर्वी किल्लीवाल्याने घरधन्याबरोबर एखाद्या शेजाऱ्यासही बोलावून घ्यावे, आणि आपणही त्यात अपमान मानू नये.