सलगम गुंठ्यात लावा, एकरात नको



पाऊस उघडला की ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. "सलगम एकरभर टाकलं तर?" सरळ सांगतो, एकरभर एकदम टाकू नका. पीक सोपं आहे, आपल्या हवेत चांगलं येतं, दोन महिन्यांत रान मोकळं होतं, हे सगळं खरं. पण हे पीक फसतं ते शेतात नाही, काढणीच्या आठवड्यात.

आधी हिशेब बघा. चांगल्या रानात गुंठ्याला २ ते ३ क्विंटल गड्डे निघतात. म्हणजे एकराला ८ ते १२ टन. एका दिवशी पेरलं तर सगळा माल एकाच वेळी तयार होतो. हा कांदा नाही की चाळीत ठेवला आणि भावाची वाट बघितली. काढणीला आठ-दहा दिवस उशीर झाला की गड्डा जून होतो, आत धागे धरतो, भुसभुशीत होतो. असा माल व्यापारी हातात घेऊन परत ठेवतो.

आणि घेणार कोण? आपल्या घरात सलगमची भाजी किती वेळा होते, विचार करा. गावच्या आठवडी बाजारात निम्मे लोक त्याला नवलकोल समजतात. खरं गिऱ्हाईक शहरात आहे. पंजाबी, सिंधी, काश्मिरी, उत्तर भारतीय कुटुंबं, मटणात सलगम घालणारी मुस्लिम घरं, लोणचं घालणारे आणि काही हॉटेलं. पिंपरी कॅम्प, उल्हासनगर असा हा बाजार. गिऱ्हाईक पक्कं आहे, थंडीभर मागतं, पण थोडं थोडं मागतं. रोज ५० किलो घेणाऱ्यापुढे एकदम ५ टन ओतले तर भाव कोण देणार?

म्हणून माझं मत असं की प्रत्येकानं दर १० दिवसांनी २ गुंठे पेरावेत. एका टप्प्यातून ४ ते ६ क्विंटल माल निघेल. दहा दिवसांत काढला तर रोजचे ४० ते ६० किलो. एवढा माल कंपनीच्या बाकीच्या भाजीबरोबर त्याच गाडीत जातो, वेगळं भाडं पडत नाही.

*पेरणी कधी?*

सलगमच्या गड्ड्याला १५ ते २० अंश तापमान सगळ्यात मानवतं. ऑक्टोबरच्या उन्हात गडबड करू नका. उष्णतेत गड्डा बारीक राहतो, तिखट आणि धागेदार होतो. रात्री गारवा जाणवायला लागला की सुरुवात करा. आपल्या पुणे-सातारा पट्ट्यात ही वेळ साधारण ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात येते.

शेवट कधी करायचा हे मात्र मागून मोजा. महाशिवरात्रीला थंडी "शिव शिव" करत जाते असं जुनी माणसं म्हणतात, ते या पिकाला बरोबर लागू पडतं. फेब्रुवारीच्या अखेरीला शेवटचा गड्डा रानाबाहेर पाहिजे. त्यामुळे १५ डिसेंबरनंतर पेरू नका.

*वाण आणि तारखा*

पुसा श्वेती हा पांढरा, लवकरचा वाण. ४० ते ४५ दिवसांत येतो. पर्पल टॉप व्हाइट ग्लोब म्हणजे वरून जांभळा, खाली पांढरा. याला ६० ते ६५ दिवस लागतात. इथेच बरेच जण चुकतात. आधी सगळी श्वेती पेरतात, मग सगळा पर्पल टॉप, आणि मध्ये वीस-पंचवीस दिवस माल बंद. एकदा माल तुटला की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. म्हणून पेरणीची नाही, काढणीची तारीख जुळवा:

• २५ ऑक्टोबर: १ गुंठा श्वेती, १ गुंठा पर्पल टॉप
• ४ नोव्हेंबर: परत तसंच
• १४ नोव्हेंबर, २४ नोव्हेंबर, ४ डिसेंबर, १४ डिसेंबर: दर वेळी २ गुंठे पर्पल टॉप

असं केलं तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत माल चालू राहतो. थंडी कमी-जास्त झाली तर चार-सहा दिवस पुढेमागे होतील. एकूण रान लागतं १२ गुंठे.

पर्पल टॉपचं बी घरी धरायच्या भानगडीत पडू नका. त्याला फुलायला कित्येक आठवडे कडक थंडी लागते, ती आपल्याकडे पडत नाही.

*लावायचं कसं?*

रान भुसभुशीत, निचऱ्याचं हवं. ज्या रानात नुकताच कोबी, फ्लॉवर किंवा मुळा होता तिथे नको. ही सगळी एकाच कुळातली पिकं, किडी-रोग तेच. गुंठ्याला साधारण १५० किलो शेणखत द्या, पण पूर्ण कुजलेलं. कच्च्या शेणखतानं मुळाला फाटे फुटतात.

बी गुंठ्याला ३५ ते ४० ग्रॅम पुरे. बारीक असतं, म्हणून कोरड्या वाळूत मिसळून ३० सेंटिमीटरवर ओळीत पेरा. एक-दीड सेंटिमीटरपेक्षा खोल टाकू नका. पेरल्यावर लगेच हलकं पाणी द्या.

उगवल्यावर १० ते १५ दिवसांनी विरळणी करा, दोन रोपांत १० सेंटिमीटर अंतर ठेवा. रोप उपटायला जिवावर येतं, पण विरळणी टाळली तर नुसता पाला मिळेल, गड्डा नाही. उपटलेल्या कोवळ्या रोपांची भाजी चांगली होते, ती वाया जात नाही.

पाणी थोडं पण नियमित. आधी ताण दिला आणि मग एकदम भरपूर पाणी सोडलं की गड्डे तडकतात. युरिया जास्त झाला तर पाला माजतो. ढगाळ हवेत मावा येतो. पानं उलटून बघत जा, सुरुवातीलाच ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. गड्डा कापल्यावर आत तपकिरी डाग किंवा पोकळी दिसली तर बोरॉन कमी असण्याची शक्यता आहे. माती परीक्षणात तसं आलं तरच पुढच्या टप्प्याला गुंठ्यामागे १०० ग्रॅम बोरॅक्स मातीत मिसळून द्या. अंदाजानं टाकू नका, जास्त झालं तर पिकाला अपाय होतो.

गड्डा ५ ते ८ सेंटिमीटरचा झाला की काढा. मोठा करून वजन मिळवायचा मोह नको. सकाळी काढा, धुवा. जवळच्या बाजारात पाल्यासकट जुड्या चालतात. लांब पाठवायचा असेल तर पाला कापा, नाहीतर तो गड्ड्यातलं पाणी ओढतो. कापलेला पाला जनावरांना घाला, पण दुभत्या गाई-म्हशींना धार काढल्यावरच. आधी घातला तर दुधाला वास येतो.

*"एवढ्याशा रानात काय मिळणार?"*

हा प्रश्न येणारच. एकट्याच्या २ गुंठ्यांनी खरंच काही हलत नाही. पण दहा जणांनी तारखा वाटून घेतल्या तर थंडीभर न तुटणारा माल कंपनीच्या नावावर उभा राहतो, आणि भाव बोलायला आपल्याकडे काहीतरी असतं. दहा जणांनी आपापलं एकर एकाच आठवड्यात पेरलं, तर आपणच आपला भाव पाडू. मग दोष बाजाराला देऊन उपयोग नाही.

माझं कंपनीलाही सांगणं आहे. आधी गिऱ्हाईक ठरवा, रोज किती किलो जाईल ते विचारा, मग सभासदांना बी द्या. तुम्ही लावणार असाल तर पाणी किती आहे आणि किती गुंठे जमतील, ते याच नंबरवर व्हॉइस मेसेज करून कळवा. तारखा आपण मिळून ठरवू. बी त्यानंतर घ्या.

– शेती सल्ला विभाग, आपली शेतकरी उत्पादक कंपनी