ट्रॉलीचा अ‍ॅक्सल हंगामाआधीच पाहा

गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॉलीला उसंत नसते. म्हणून अ‍ॅक्सलची तपासणी त्याआधीच उरकावी. उसाने भरलेल्या ट्रॉलीचे चाक रस्त्यात निखळले, तर मागून येणाऱ्याच्या जिवावर बेतते.

रिकामी ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेलीच ठेवा आणि बाकीच्या चाकांना दगड लावा. चाक जॅकने उचलून अ‍ॅक्सलखाली भक्कम लाकडी ठोकळा द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. टायर वर-खाली धरून हलवा. खडखडले, तर बेअरिंग ढिले किंवा झिजलेले समजा. हब उतरवून जुने ग्रीस पुसा. बेअरिंग बसते त्या जागी झिजून पायरी पडली असेल किंवा चीर दिसली, तर अ‍ॅक्सल बदला. वेल्डिंगची भर घालून कातून घेणे स्वस्त पडते; पण त्या उष्णतेने पोलादाचा गुण बदलतो आणि भरीच्या कडेलाच तडा जाऊ शकतो.

पुष्कळजण बदलताना जाड अ‍ॅक्सल घालतात. जरूर घाला, पण हब, बेअरिंग, पाटे, रिम व टायर जुनेच असतील, तर जास्त माल भरू नका. अ‍ॅक्सल टिकेल, दुसरे काही तुटेल.

नवे बेअरिंग आतल्या-बाहेरच्या कड्यांसह बसवा, ग्रीस दाबून भरा. चाक फिरवीत नट कसा, मग किंचित सैल करा आणि पिन नवीच घाला. पहिल्या फेरीनंतर हब फार तापला, तर नट जास्त कसला गेला किंवा ग्रीस कमी पडले, असे समजून पुन्हा उघडा.