आनंदाचे सरकारी खाते

१/८
हुकूमशाही केवळ भीतीवर चालते, हा समज सोयीचा आहे आणि म्हणूनच घातक आहे. भीती निदान ओळखू तरी येते. राज्यकर्ते सुख वाटू लागले, की त्या सुखाची किंमत कोणी विचारत नाही. नाझी जर्मनीने ती कशी वसूल केली, त्याचा हा हिशेब.

२/८
१९३२ साली आल्डस हक्सली यांची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यातील राज्य प्रजेला 'सोमा' नावाची गोळी देते आणि असंतोष उगवण्याआधीच खुडते. कथा सुमारे सहाशे वर्षांपुढची होती. जर्मनीला गोळीवाचून तोच प्रयोग करण्यास एक वर्ष पुरले.

३/८
१ मे १९३३ : हिटलर सरकारने कामगार दिनाची पगारी सुट्टी दिली, भव्य मेळावे भरवले.
२ मे १९३३ : कामगार संघटनांच्या कचेऱ्यांवर धाडी. नेते अटकेत, निधी जप्त. पुढे संपाचा आणि वेतनाच्या वाटाघाटीचा हक्कही गेला.
उत्सव आणि धाड यांत अंतर एका रात्रीचे!

४/८
हक्क काढून घेतल्यावर हाती काय द्यायचे? २७ नोव्हेंबर १९३३ रोजी रॉबर्ट लाय यांच्या 'जर्मन कामगार आघाडी'ने 'आनंदातून शक्ती' ही संघटना उभारली. स्वस्त सहली, नाटके, मैफली, समुद्रपर्यटन. सफरींत प्रवाशांच्या वेषात हेर असत. कोण काय बोलतो, याचे अहवाल वर जात.

५/८
१९३७ साली जलावतरण झालेले 'विल्हेल्म गुस्टलॉफ' हे जहाज 'वर्गभेदविरहित' म्हणून मिरवले गेले. प्रत्यक्षात सागरी सफरींत कारखान्यातील मजुरांचे प्रमाण कमीच राहिले. ज्यूंना तर या आनंदाचे दार बंदच होते. प्रोरा येथे २०,००० जणांसाठी विश्रामधाम बांधायला घेतले. युद्ध आले आणि नियोजित पाहुणे तेथे कधी पोहोचलेच नाहीत.

६/८
सर्वांत बोलके उदाहरण मोटारीचे. किंमत ९९० मार्क. आठवड्याला ५ मार्कांची तिकिटे पुस्तिकेत चिकटवायची. सुमारे ३,३६,००० लोकांनी पैसे भरले. कारखान्यातून लष्करी वाहने बाहेर पडली. युद्ध संपेपर्यंत एकाही बचतदाराला मोटार मिळाली नाही.

७/८
'पण लोक खरोखर आनंदी होते ना?' अनेक जण होते. सहलीतले हसू खोटे नव्हते, खोटा होता तो सौदा. जे सुख नाकारता येत नाही आणि ज्याविषयी तक्रार करता येत नाही, ते सुख नव्हे, बंदोबस्त आहे. हक्सली यांच्या कादंबरीतील जॉन दुःखी असण्याचा हक्क मागतो, तो याचसाठी. 'ऑर्वेल खरे ठरले की हक्सली?' हा लाडका वादही येथेच निकालात निघतो : एकाच राजवटीत छळछावणीही होती आणि सहलीचे जहाजही.

८/८
कचेरीतील सहल किंवा 'फन फ्रायडे' म्हणजे नाझीवाद नव्हे. तशी तुलना करणे हा इतिहासाचा अपमान ठरेल. परंतु जेथे कामाचे तास विचारणारा 'नकारात्मक' ठरतो, संघटना बांधणारा घरी बसतो आणि बाकीच्यांना पिझ्झा मिळतो, तेथे २ मेची आठवण ठेवावी. आनंद कोण वाटतो आहे, यापेक्षा त्याआधी काय काढून घेतले गेले, हे पाहावे.

#इतिहास #मराठी