पेन्सिलीच्या रेघा

मुंबईच्या फाउंटनजवळील पदपथावर, जुन्या पुस्तकांच्या थप्पीत ‘जेन एअर’ची एक प्रत एका व्यापारी घरातील सुनेच्या हाती आली. मुखपृष्ठ सुटलेले, पाने पिवळी पडलेली. शार्लट ब्राँटे हिची ही कादंबरी १८४७ साली ‘करर बेल’ या टोपणनावाने लंडनमध्ये प्रसिद्ध झाली, एवढे तिला महाविद्यालयापासून ठाऊक होते. नवल वाटले ते आतील खुणांचे. आधीच्या वाचकाने प्रेमसंवादांना स्पर्शही केला नव्हता. मात्र जेथे जेथे रक्कम आली, तेथे पेन्सिलीची रेघ होती.

रोजमेळ जुळल्याशिवाय ज्या घरात रात्रीचा दिवा मालवत नाहीत, तेथील सुनेला या रेघांचा अर्थ लावणे कठीण गेले नाही. अनाथ जेनला शाळेत शिक्षिका म्हणून वर्षाला १५ पौंड मिळत. थॉर्नफील्ड येथे ३० मिळू लागले. प्रवासाला निघताना ती मालकाकडे पगार मागते. रॉचेस्टर ५० पौंडांची नोट पुढे करतो. येणे १५ पौंडांचेच म्हणून जेन ती नाकारते, १० घेते आणि ५ बाकी असल्याची आठवण देते. पेढीवरील मुरब्बी मुनीमही याहून चोख वागला नसता.

सर्वांत ठळक रेघ ३०,००० पौंडांखाली होती. रॉचेस्टरची पहिली पत्नी बर्था हिने लग्नात आणलेली ही रक्कम. कादंबरीत ती माळ्यावर कोंडलेली असते. तिच्या त्या धनाचा पुढे तिला काय उपयोग झाला, याचा शोध सहसा कोणी घेत नाही. तेव्हाच्या इंग्लंडच्या कायद्याने विवाहित स्त्रीची रोकड, विशेष करार नसल्यास, पतीची होई. ही स्थिती १८७० व १८८२ च्या कायद्यांनी पालटली. ३० पौंडांवर जगणारी जेन मात्र नको त्या घरातून पहाटे बाहेर पडू शकली; खिशात २० शिलिंग होते, तेही गाडीभाड्यात गेले. पुढे चुलत्याचे २०,००० पौंड लाभताच तिने त्यांचे चार समान भाग करून तीन आते-भावंडांना दिले. ही वाटणी तिने स्वतः हट्टाने करवली.

आपल्याकडेही विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा १८७४ पासून आहे. पत्नी व मुलांसाठी त्याच्या सहाव्या कलमाखाली घेतलेला विमा पतीच्या सावकारांच्या हाती सहसा लागत नाही. व्यापारी घरात याचे मोल सांगावयास नको. पण तशी नोंद विमा घेतानाच करावी लागते, आणि नेमकी तेथेच घाई होते. सुनेने कपाटातील पतीची विमापत्रे काढून पाहिली. एकावरही तशी नोंद नव्हती.

भागीदारीपत्रावर तिचे नाव अकरा वर्षे होते. महिन्याच्या पहिल्या तारखेस पतीने नेहमीप्रमाणे कोरे धनादेश सहीसाठी पुढे ठेवले. “अहो, कोणाला आणि किती, ते आधी सांगा,” ती म्हणाली. सासऱ्यांनी गादीवरून मान वर केली, काही बोलले नाहीत. मग थकबाकीची वही तिच्याकडे सरकवली. त्या दिवशी सह्यांना पाऊण तास लागला.