गृहिणीची षष्ट्यब्दिपूर्ति

प्रभवादि ६० संवत्सरांचें चक्र पुरें झालें म्हणजे मनुष्याच्या जन्मसंवत्सराचें नांव पुन्हां येतें. म्हणून षष्ट्यब्दिपूर्तीचें महत्त्व. परंतु आपल्या घरांत हा सोहळा बहुधा यजमानाचाच होतो. गृहिणीची साठी भरली, हें त्या दिवशीं पुरण वाटीत बसलेल्या तिलाच काय तें ठाऊक असतें!

यंदां आमच्या घरीं हा प्रसंग आला, तेव्हां सुनांनीं आदल्या रात्रींच बजावलें, "मामंजी, उद्यां स्वयंपाकघर बंद!"

"शुभदिनीं बाजारचें अन्न?" थोरल्या वहिनींनीं शंका काढली, पण प्रवासाला सर्वांआधीं त्याच तयार झाल्या. रविवारीं आम्ही तेराहि जण सासवडहून पुण्यास गेलों. १८८६ सालीं उघडलेल्या मंडईचा मनोरा नातवंडांनीं मान वर करून पाहिला. तुळशीबागेंत रामाचें दर्शन घेतलें. मग मिसळ झाली, शेवटीं मस्तानी. वहिनींनीं उपासाचें निमित्त सांगून मस्तानी मात्र घेतली. आमच्या कुटुंबानें पहिला घास गरम असतांनाच घेतला. हें दृश्य मीं कित्येक वर्षांत पाहिलें नव्हतें.

घरच्या अन्नाची थोरवी निर्विवाद आहे. परंतु तें रांधणाऱ्या हातांनाहि विश्रांतीचा अधिकार आहे. वाचकहो, नव्या पंचांगांत गृहिणीच्या जन्मतिथीवर खूण करावी, आणि त्या दिवशींच्या भोजनाची व्यवस्था इतरांनीं आदल्या दिवशींच ठरवावी.