ई-पीक पाहणीला जाण्याआधी फोन रिस्टार्ट करा



पाहणीच्या दिवसांत नेहमीची तक्रार असते: बांधावर उभं राहूनही लोकेशन मिळत नाही, अ‍ॅप अडकतं. बरेच जण लगेच अ‍ॅप काढून पुन्हा टाकतात. आमचं मत, ते शेवटी करा. अपलोड न झालेली नोंद त्यात जाऊ शकते, आणि सातबाऱ्यावर पीक नसलं की पुढे भरपाईला अडचण येते. आधी फोन रिस्टार्ट करा. त्याने फोटो, नंबर, मेसेज काहीच जात नाही.

महिनाभर बंद न केलेल्या फोनमध्ये कितीतरी अ‍ॅप मागे चालू राहतात, फोन जड होतो. रिस्टार्टने सगळं नव्याने सुरू होतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेनेही २०२० साली आठवड्यातून एकदा फोन बंद-चालू करायचा सल्ला दिला होता. रोज करायची गरज नाही.

पण हा काही रामबाण उपाय नाही. स्टोरेज भरलं असेल तर गुड मॉर्निंगचे व्हिडिओ हातानेच काढावे लागतात. पीएम किसानच्या नावाने आलेली एपीके फाइल चुकून टाकली असेल, तर तीही रिस्टार्टने जात नाही. लगेच नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर १९३० ला फोन करा.

*लक्षात ठेवा:* रिस्टार्टनंतर पहिल्यांदा बोटाने लॉक उघडत नाही, पिन लागतो. तो पाठ आहे ना, बघूनच करा.

गावचा बाजारवार हाच रिस्टार्टचा वार धरा, म्हणजे विसर पडणार नाही.