ऑपरेशन मंजूर, जीवनसत्त्वं नामंजूर

मा. अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद



मी बार्शीत एका पतसंस्थेचे हिशेब लिहिते. फेब्रुवारी २०२१ मध्ये पुण्यात माझं गॅस्ट्रिक बायपास झालं. तेव्हा वजन १०८ किलो होतं आणि इन्सुलिन टोचूनही साखर दोनशेच्या खाली उतरत नव्हती. नातेवाइकांना आम्ही पित्ताशयाचं ऑपरेशन सांगितलं. वजनासाठी पोट कापून घेतलं म्हटलं की आमच्याकडे लोक आधी हसतात आणि मग उपदेश करतात.

साडेतीन लाखांच्या आसपास झालेला खर्च विमा कंपनीने दिला, आणि तो तुमच्यामुळे दिला हे मला ठाऊक आहे. पूर्वी बहुतेक पॉलिसींत लठ्ठपणावरचा उपचार सरसकट वगळलेला असे. २०१९ साली तुम्ही वगळलेल्या बाबींची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केलीत आणि सहाव्या क्रमांकाच्या कलमात दार किलकिलं केलंत. वय अठरा पूर्ण हवं आणि बीएमआय ४० किंवा अधिक. नाहीतर तो ३५ किंवा अधिक आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र आजार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह असला पाहिजे. मी त्यात बसले. (आपल्याकडच्या माणसांना मधुमेह कमी वजनातच गाठतो, म्हणून इथले सर्जन ३७.५ आणि ३२.५ हे आकडे धरतात. तुमचे आकडे १९९१ सालच्या अमेरिकेतले आहेत. पण ते भांडण दुसऱ्या पत्रात.)

आज लिहितेय ते चौदाव्या क्रमांकाबद्दल. चिठ्ठीशिवाय मिळणारी पूरकं, जीवनसत्त्वं, खनिजं यांचा खर्च मिळणार नाही. रुग्णालयात दाखल असताना किंवा डे-केअर उपचारात डॉक्टरांनी लिहून दिली असतील तरच मिळेल. इतरांच्या बाबतीत हे कलम शहाणपणाचंच आहे, उद्या कुणीही च्यवनप्राशाची बिलं लावेल. पण माझ्यासारखीच्या बाबतीत सहावं आणि चौदावं कलम एकमेकांशी बोललेलीच नाहीत.

बायपासमध्ये जठराचा अंड्याएवढा कप्पा वेगळा काढतात आणि तो थेट पुढच्या आतड्याला जोडतात. अन्न उरलेल्या जठराला वळसा घालून जातं. अन्नातलं बी-१२ सुटं करायला जठरातलं आम्ल लागतं आणि ते आतड्यात शोषलं जायला जठरातच तयार होणारं एक प्रथिन लागतं. दोन्ही वळशापलीकडे राहिली. लोह आणि कॅल्शियम जिथे मुख्यतः शोषलं जातं तो आतड्याचा पहिला भागही मागे पडला. म्हणजे वरून न दिल्यास जमा जवळजवळ बंद. पण यकृतात बी-१२ ची जुनी शिल्लक असते आणि ती काही वर्षं पुरते. आमच्या धंद्यात अशी खाती असतात. भरणा थांबलेला असतो, तरी जुन्या शिलकीवर चेक वटत राहतात आणि कुणालाच काही खटकत नाही.

रुग्णालय पहिलं वर्ष मागे लागलं होतं, नाही म्हणणार नाही. आहारतज्ज्ञ बाई फोन करायच्या. चतकोर भाकरी चावून चावून खा, आधी डाळ-पनीर मग भाकरी, लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी यांच्यात दोन तास सोडा, लोहावर चहा नको. मग त्या बाई नोकरी सोडून गेल्या. माझं वजन ६९ वर आलं होतं, इन्सुलिन सुटलं होतं, मी जिने चढत होते. गोळ्यांवर महिन्याला अठराशे रुपये जात होते. दीड वर्षाने मीच त्या बंद केल्या. चूक माझी आहे, ती कुणाच्या माथी मारत नाही. पण पुण्याला जायला एसटीत पाच तास, एक दिवसाची रजा आणि तपासण्यांचे पाच-सहा हजार. तेही अगदी ठणठणीत वाटत असताना! किती जण जात असतील, तुम्हीच सांगा.

२०२४ च्या उन्हाळ्यात माझ्या डाव्या पायातली चप्पल निसटायला लागली. निसटली हे कळायचंच नाही, मागून कुणीतरी हाक मारून सांगायचं. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं मधुमेह होता, त्यानेच नसा गेल्या. त्यांचंही बरोबर, मी त्यांना बायपासचं सांगितलंच नव्हतं. आमच्या घरात ते अजून पित्ताशयच होतं. सहा महिन्यांनी एका तरुण डॉक्टरने पोट तपासताना पाच बारीक खुणा पाहिल्या आणि बाकी सगळ्यांना बाहेर पाठवून विचारलं. बी-१२ तळाला गेलं होतं, हिमोग्लोबिन ७.९. बी-१२ ची इंजेक्शनं सुरू झाली, मला दोन दिवस दाखल करून शिरेतून लोह दिलं. बहुतेक बधिरपणा गेला. डाव्या पायाची शेवटची दोन बोटं मात्र अजून परकी आहेत.

त्या दोन दिवसांचा दावा मंजूर झाला, औषधांसकट! गोळी घरी वेळेवर घेतली तर ती वगळलेली बाब, न घेता आजारी पडून खाटेवर पोचलं तर भरपाईला पात्र. मी छत्तीस वर्षं हिशेब लिहितेय, पण असा जमाखर्च कुठे पाहिला नाही.

आणि बी-१२ हा यातला सोपा भाग म्हणायचा, कारण तो हळू येतो. सतत उलट्या होत राहिल्या तर बी-१ संपायला काही आठवडे पुरतात, आणि ते देण्याआधीच ग्लुकोजची सलाइन लावली तर मेंदूला इजा होऊ शकते. तालुक्याच्या दवाखान्यात उलट्या झालेल्या बाईला पहिली बाटली कसली लावतात? हाडं विरळ होतात. दारू लवकर आणि जास्त चढते, त्यामुळे आधी न पिणाऱ्यांनाही तिची सवय जडू शकते. आतड्याची नवी जोडणी केलेल्या जागी काही वर्षांनीही पीळ पडू शकतो. दाढ काढल्यावर मला डॉक्टरांनी सवयीने आयब्रुफेन लिहून दिलं. बायपासवाल्यांना त्याने जोडाशी अल्सर होऊ शकतो, हे मी वाचून ठेवलं होतं म्हणून गोळी परत केली. बासुंदीच्या चार चमच्यांनी मला एकदा भर लग्नात घाम फुटून आडवं केलं होतं. पण ते आपल्या हावरेपणाचं फळ, त्याचा दावा मी लावणार नाही.

यावरून ऑपरेशनच वाईट असं कुणी समजू नये. स्वीडनमध्ये १९८७ पासून वजनासाठी ऑपरेशन केलेल्या २,०१० रुग्णांचा आणि ऑपरेशन न केलेल्या २,०३७ जणांचा माग ठेवला गेला. ऑपरेशन झालेले लोक सरासरी तीन वर्षं जास्त जगले. हे कळलं, कारण तिथे कुणीतरी वीस-वीस वर्षं त्यांच्या मागे राहिलं. ब्रिटनमध्ये पहिली दोन वर्षं ऑपरेशन करणारं केंद्र पाहतं, पुढे दरवर्षी घरच्या डॉक्टरकडे तपासणी, आयुष्यभर. आपल्याकडे घरचा डॉक्टर बदलतो, सर्जन रुग्णालय बदलतो, रुग्ण मोबाइल नंबर बदलतो.

एकच जण मला कधीही हरवू देत नाही, आणि ती आहे माझी विमा कंपनी. नूतनीकरणाला पंचेचाळीस दिवस उरले की एसएमएस, तीस उरले की फोन, आठवडा उरला की दिवसाला दोन फोन. कुणाच्या पोटात काय कापलं, कोणत्या तारखेला, कोणत्या पद्धतीने, याची नोंदही तिच्याकडे आहे, कारण पैसे तिने मोजलेत. माझ्या सर्जनकडे आज माझा चालू नंबर नाही, तिच्याकडे आहे.

म्हणून मागणी अशी. सहाव्या कलमाखाली कंपनीने ज्याचं ऑपरेशन मंजूर केलं, त्याची पुढची वार्षिक रक्ततपासणी आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली जीवनसत्त्वं त्याच उपचाराचा भाग धरावीत, पॉलिसी चालू आहे तोवर. चौदाव्या कलमात त्यासाठी एक अपवाद घालावा. 'आरोग्य संजीवनी'सारख्या तुमच्याच प्रमाणित पॉलिसीत घरी सोडल्यानंतरचा खर्च साठ दिवस मिळतो. ज्याचं पोट कायमचं बदललं त्याला साठ दिवस कसे पुरतील? आणि नूतनीकरणाच्या एसएमएससोबत दुसरा एक जाऊ द्या: तुमची या वर्षीची तपासणी राहिली आहे. कंपन्या म्हणतील, प्रीमियम वाढेल. त्यांनी माझ्या दोन दिवसांच्या मुक्कामाचं बिल काढून माझ्या वर्षभराच्या गोळ्यांशेजारी ठेवावं. बेरीज मी करून देईन.

आता घरी सगळ्यांना सांगितलंय. सासूबाई तीन दिवस बोलल्या नाहीत, चौथ्या दिवशी स्वतःहून लोहाच्या गोळीची वेळ विचारून गेल्या.

माझी पॉलिसी फेब्रुवारीत नूतनीकरणाला येते.

आपली,
एक पॉलिसीधारक, बार्शी